माझ्या टेबलावर न आलेली पुडी

कोजागिरी होऊन तीन आठवडे झाले तरी ती पुडी माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या ऑफिसातल्या ताई दरवर्षी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला देवीला पायी जातात, गेली सतरा-अठरा वर्षं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडत ऑफिसला येतात, पायात चपलेऐवजी मोजे आणि स्लिपर, अंगाला झेंडूबामचा वास, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या असतात, चिरमुरे, दोन बत्तासे, पेढ्याचा तुकडा आणि वेगळ्या चिटोऱ्यात चिमूटभर कुंकू. यावर्षी पण तशाच आल्या. साहेबांना दिली, शिपाईमामांना दिली, अकाउंट्सच्या भाईंना दिली, ते मुसलमान आहेत पण दरवर्षी दोन्ही हात पुढं करून घेतात आणि ईदला ताईंना आठवणीनं शीरखुर्मा आणून देतात. मग माझं टेबल. ताई टेबलापाशी आल्या, थांबल्यासारखं केलं, माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडं बघितलं आणि पुढच्या टेबलावर गेल्या.

एवढंच झालं.

आणि मला, जिला ह्या प्रसादात काही आहे असं वाटत नाही, जिनं आठच दिवसांपूर्वी तसं तोंडानं सांगितलं होतं, तिला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. बाथरूममध्ये जाऊन मी तोंड धुवून आले. कुणाला सांगू नये असं वाटलं, म्हणूनच आता लिहायला बसले.

झालं होतं असं की खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असते, सगळ्या कॉम्प्युटरना, झेरॉक्सला झेंडूच्या माळा घालतात, तेव्हा ताई माझ्या शेजारी बसून माळ ओवत होत्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू गं देवीला?" दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी "सगळ्यांना सुखी ठेव म्हणा" असं कायतरी बोलून मोकळी होते. यावर्षी मी म्हणाले, "ताई, माझ्यासाठी काही मागू नका. मी देव मानत नाही." आवाज चढवला नाही, वाद घालायचा नव्हता, सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. ताईंचा हात थांबला. "असं का बोलालीस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बोलायला पाहिजे होतं ताई आधीच, राहून गेलं." मग त्या काही बोलल्या नाहीत, झेंडूची माळ पूर्ण केली, टोकाला गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

आता हे अचानक का, असं कुणी विचारलं तर कारण माझी मुलगी आहे. लग्न झाल्यापासून मी नवरात्रात ॲसिडिटी सांगत आले. सासरी नऊ दिवसांचे उपास, हळदीकुंकवाला गेलं की साबुदाण्याची खिचडी पुढं येते आणि प्रश्न येतो, "उपास धरलास ना?" तर मी म्हणायची, "डॉक्टरांनी नको सांगितलंय, पित्त होतं." संकष्टीला पित्त, महाशिवरात्रीला पित्त, आषाढीला पित्त. इतकी वर्षं सांगून सांगून मला पित्त आहे हे सगळ्या नातेवाईकांत पक्कं झालंय, कुणी मला मसाला ताक देतं, कुणी कोकमचं सरबत पाठवून देतं, आणि ते मायेनं देतात म्हणून जास्त टोचतं. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात शेजारच्या आजींना मी हेच सांगत होते आणि माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, जिन्यात उभी होती. घरात आल्यावर ती म्हणाली, "आई, तुला खरंच पित्त आहे का? मग काल मिसळ कशी खाल्लीस?" मी म्हटलं नाही, पित्त नाहीये. "मग खोटं का बोललीस?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ज्या बाईचं म्हणणं हे की जे खरं वाटत नाही ते मानायचं नाही, ती बाई त्याच गोष्टीसाठी रोज खोटं बोलते, हे मला तिच्या तोंडून कळलं.

माझा देव कधी गेला ते मला नीट सांगता येत नाही. लोकांना वाटतं काहीतरी मोठं दुःख झालं असणार, कुणी गेलं असणार, नवस फेडूनसुद्धा काम झालं नसणार आणि म्हणून रागानं सोडलं. तसं काही नाही. मी दहा वर्षांची असताना, २१ सप्टेंबर १९९५ ला, गणपती दूध प्यायला लागला. आमच्या गल्लीतल्या देवळापुढं बाया वाट्या-चमचे घेऊन लायनीत उभ्या होत्या, शाळा अर्ध्यात सुटल्यासारखी झाली होती आणि बाबा मला कडेला धरून घेऊन गेले. सगळे समोरून बघत होते. मी लहान, गर्दीत बाजूला ढकलली गेले आणि मला मूर्ती बाजूनं दिसली. चमचा सोंडेला लागला की दुधाची बारीक धार सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर आणि तिथून खाली ताटात जात होती, संगमरवरावर पांढरं दूध असल्यामुळं समोरून काही दिसायचं नाही. खाली फरशी चिकट झाली होती आणि माझ्या पायाला लागत होती. मी बाबांना म्हटलं, दूध खाली सांडालंय. बाबा म्हणाले, गप. रागावून नाही म्हणाले, घाबरून म्हणाले, आजूबाजूला बघून. मला वाटतं त्यांना पण ते दिसलं होतं. पृष्ठताण वगैरे मी पुढं शाळेत शिकले पण पायाला लागलेलं ते चिकट दूध आणि बाबांचं ते "गप" हे दोन्ही तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

आणि गप राहायला मी चांगली शिकले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉक्टर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा मी आधीच्या ऑफिसात होते. टीव्हीवर पुलाचं चित्र परत परत दाखवत होते. चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "वाईटच झालं, पण माणसानं देवाधर्माबद्दल असं बोलू नये." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला माहीत होतं की दाभोलकर आयुष्यभर सांगत आले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, घटनेनं दिलेलं उपासनेचं स्वातंत्र्य आम्हाला मान्य आहे. मी त्यांचं भाषण कॉलेजात असताना ऐकलं होतं, पांढरा सदरा, आवाज न चढवता बोलणं. मी हे सगळं बोलू शकले असते. मी चहाचा कप धुवून ठेवला आणि टेबलावर जाऊन बसले. त्यांच्या जाण्यानंतर चार महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा पण मी मनातल्या मनातच खूश झाले. त्या दिवशी न बोललेल्या चार वाक्यांचं मला आजसुद्धा वाईट वाटतं.

२०११ च्या जनगणनेला आमच्याकडं एक शिक्षिका आल्या होत्या, फेब्रुवारीतली दुपार, ऊन चढलेलं, त्यांना मी माठातलं पाणी दिलं आणि आत चहा टाकायला गेले. बाहेर सासरे माहिती सांगत होते. धर्माच्या रकान्यापाशी "सगळे हिंदू" असं ते म्हणालेलं मला आत ऐकू आलं आणि मी आलं किसत राहिले. नंतर कधीतरी वाचलं की एकशे एकवीस कोटींच्या देशात स्वतःला नास्तिक लिहून घेणारे साधारण ३३ हजार निघाले. मी त्यात नाही. माझ्यासारख्या किती बाया त्या वेळी आत चहा करत होत्या देव जाणे, हे बघा, तोंडात तेच येतं, भाषेतून देव काढता येत नाही आणि मला काढायचा पण नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मात्र मी धर्माचा रकाना रिकामा सोडायला बघितला होता. क्लार्क म्हणाला सिस्टीम घेत नाही. मुंबई हायकोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय की मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क कलम २५ मध्ये आहे आणि सरकार कुणाला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, हे मला माहीत होतं, पण मागं लाईन होती, नवरा घड्याळ बघत होता. त्यानं पेन घेतलं आणि लिहून टाकलं. मी सोडून दिलं.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

माझे बाबा मिलमध्ये होते, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. सोलापूरच्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, मिलचा भोंगा म्हणजे घड्याळ, भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला. मग मिल बंद पडली, आज चालू होईल उद्या होईल म्हणत बाबा रोज गेटपर्यंत जाऊन यायचे, डबा घेऊन जायचे, तिथंच गेटवर खायचे. आईनं तेव्हा मंगळवार धरले. देवीला बोलली, मिल चालू होऊ दे, मंगळवार करीन. मिल चालू झाली नाही. बाबांनी पुढं यंत्रमागावर काम केलं, मग एका गोडाऊनला वॉचमन, मग गेले. आईचे मंगळवार चालूच आहेत. एकदा मी हिशोब केला, दीड हजारच्या वर मंगळवार झाले असतील. भगर, शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी आरती.

मी सांगितलं तेव्हा आई चटणीसाठी शेंगा भाजत होती. कढईत शेंगदाणे, हातात उलथनं, सालं करपल्याचा तो खमंग वास, तिच्या घरात शिरलं की पहिला तोच येतो. मी म्हटलं, "आई, मी देव नाही मानत. उपास करत नाही ते पित्तामुळं नाही." ती शेंगदाणे हलवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कधीपासून?" जसं काही आजारपण आहे आणि आपल्याला उशिरा कळलं. मी म्हटलं, "लहानपणापासूनच म्हण." "मग मी एवढं केलं ते?" एवढंच म्हणाली. मला कळलंच नाही काय बोलावं. मी सांगत होते एक आणि तिला ऐकू जात होतं दुसरं. मी म्हणत होते आकाशात कुणी बसलेलं नाही, आणि तिला ऐकू गेलं की तुझे दीड हजार मंगळवार वाया गेले, माझ्या बारावीला तू चालत रूपाभवानीच्या देवळात गेलीस ते वाया गेलं, माझ्या बाळंतपणात रात्रभर सिव्हिलच्या बाकड्यावर बसून जप केलास तो वाया गेला. कसं सांगू की त्यातलं काहीच माझ्यासाठी वाया नाही. तो जप कुणी ऐकला असं मला वाटत नाही, पण मी ऐकला होता, कळा येत असताना दरवाजाच्या बाहेरून तिचा आवाज येत होता आणि त्याच आवाजाला मी धरून होते. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, सुचलंच नाही. ती म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नको." मग तिनं शेंगदाणे सुपात काढले आणि आम्ही दोघी सालं काढत बसलो, गरम होते, बोटं भाजत होती. दुसऱ्या दिवशी डबाभर चटणी पोराच्या हातानं घरी पाठवली, नेहमीपेक्षा लसूण जास्त, मला आवडते तशी.

ताईंची पुडी एवढी लागली त्याचं कारण पण आईकडंच जातं असं मला लिहिताना वाटतंय. कारण तुळजापूरला मी पण पायी गेलेय. सातवी ते बारावी, सलग, आईबरोबर. संध्याकाळी निघायचं, रूपाभवानीला हात जोडून पुढं, रस्ता गाड्यांना बंद केलेला असतो, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा तो अख्खा रस्ता माणसांचा होतो. "आई राजा उदो उदो" म्हणत पोरं पळत पुढं जातात, म्हाताऱ्या काठी टेकत एका लयीत चालतात आणि शेवटी त्याच आधी पोचतात. उळे गावाच्या पुढं पायाचे तळवे पेटायला लागतात. जागोजाग मंडप, केळी, चहा, राजगिऱ्याचे लाडू, अनोळखी माणसं खाली बसून दुसऱ्याच्या पायाला तेल लावून देतात. तामलवाडीच्या अलीकडं एका मंडपात एक म्हातारे होते, धोतर, टोपी, त्यांनी माझा फोड आलेला पाय मांडीवर घेतला आणि मी लाजून ओढून घ्यायला लागले तर म्हणाले, "राहू दे गं बाय, पाय कुणाचा का असंना." त्यांचे हात खरखरीत होते, खोबरेल तेल गरम केलेलं होतं. वर एवढं चांदणं की रस्त्यावर आपली सावली पडायची. आई चालता चालता सांगायची, दसऱ्याला सीमोल्लंघन करून देवी दमती, मग पाच दिवस पलंगावर झोपती, श्रमनिद्रा, आणि पुनवेला उठून परत सिंहासनावर बसती, म्हणून आपण जायचं, ती उठल्या उठल्या पहिलं आपलं तोंड बघती. दमणारी, झोपणारी देवी. मला ही गोष्ट तेव्हा पण फार आवडायची आणि आज पण आवडते, माझ्या आईला त्या काळात कधी पाच दिवस झोपायला मिळाले नाहीत म्हणून जास्तच आवडते.

बारावीनंतर मी जायचं बंद केलं. मला वाटायचं मानत नाही तर जायचं कशाला, ते खोटं होईल. पण चालणं सुटलं, तेल लावणारे हात सुटले, ते चांदणं सुटलं, आणि त्यांच्या जागी मला काही मिळालं नाही, हे मी कधी कबूल केलं नव्हतं. दरवर्षी ती कागदाची पुडी टेबलावर यायची तेव्हा त्या रस्त्यावरचं काहीतरी माझ्यापर्यंत यायचं. यावर्षी ते पण थांबलं असं वाटलं.

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, मी जाते, ते कधी सोडलं नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नसते, पांढऱ्या बाराबंदीत हजारो माणसं, सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, उभे, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभार कन्येचं लग्न लागतं आणि "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हटलं की सगळीकडून अक्षता उडतात, केसात, ब्लाऊजमध्ये, पर्समध्ये, दोन दिवस तांदूळ सापडत राहतात. मी पण टाकते. माझ्या अंगावर पण काटा येतो. एकदा एका मित्रानं मला विचारलं, मग तू कसली नास्तिक? मी तेव्हा गडबडले. आता सांगते, की ज्या माणसानं बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन ह्या दुष्काळी गावात तळं खणलं, त्याच्या नावानं मराठी, कानडी, तेलुगू बोलणारं अख्खं गाव एका मैदानात गोळा होतं आणि मूठभर तांदूळ एकाच वेळी वर फेकतं, त्यात मला माझी मूठ मिसळायची आहे. वर कुणी ऐकत नाहीये हे मला माहीत आहे आणि तरी मी तिथं आहे. दोन्ही खरं आहे. पुढच्या गड्ड्याला पण मी जाणार.

परवा शनिवारी अर्धा दिवस होता, सगळे गेले, ताई आणि मी दोघीच व्हाउचर लावत बसलो होतो. मी न राहवून विचारलं, "ताई, माझी पुडी कुठंय?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. व्हाउचर लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ओशाळल्यासारखं झालंतं." मी म्हटलं मलाच वाटलं तुम्ही रागावलात. "राग कशाचा गं," त्या म्हणाल्या, "तू नको म्हणालीस ना मागायला, तरी मी मागितलं. गाभाऱ्यापुढं गेल्यावर सगळ्यांची नावं घेता घेता तुझं पण तोंडात आलं. दरवर्षीची सवय. मग वाटलं, हिनं विश्वासानं सांगितलं आणि आपण ऐकलं नाही. कुठल्या तोंडानं पुडी देऊ?"

तीन आठवडे मी काय काय समजून बसले होते. मला आधी थोडा राग आला, खरं सांगते, की मी एवढं स्पष्ट सांगून सुद्धा. आणि त्याच वेळी डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नाव नका घेऊ ताई. पुडी मात्र द्या." ताईंनी व्हाउचरच्या गठ्ठ्याला टाचणी लावली.

"नाव घेणार मी," म्हणाल्या. "ते माझं आणि तिचं बोलणं आहे. तुझं काय त्यात?"

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, स्टॅम्पपॅड आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या मागून पुडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. चिटोऱ्यातलं कुंकू त्यांनी स्वतःकडं ठेवून घेतलं. कागद तेलकट झाला होता, चिरमुरे सादळले होते, पेढ्याचा तुकडा दगडासारखा झाला होता. आम्ही दोघींनी मिळून बत्तासे आणि चिरमुरे खाल्ले. मी विचारलं, पाय कसे आहेत आता, तर त्यांनी मोजा खाली करून टाच दाखवली, भेगेत अजून काळं होतं. मी पर्समधून व्हॅसलिनची डबी काढून दिली आणि उळ्याच्या पुढं अजून तेलाचे मंडप असतात का ते विचारलं.

"असतात की," म्हणाल्या. "येतीस का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.